मार्थाबाईंची चूल

ज्या दिवशी गावातल्या सगळ्या चुली बंद असत, त्या दिवशी मार्थाबाईंची चूल हमखास पेटायची. सकाळी दहाच्या सुमाराला आरोग्य उपकेंद्राच्या अंगणातून धूर निघायचा. पाटलांच्या मांडवात बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याला तो दिसायचा, पारावर पान चघळत बसलेल्या पंचांना दिसायचा, आणि सगळे दिसला नाही असं दाखवायचे. न दिसल्यासारखं करण्यात ते गाव फार हुशार होतं. दुसऱ्या कशातच नव्हतं.

चूलबंद आवतन म्हणजे काय ते सांगतो. साधं आवतन असलं की घरटी एक माणूस जेवायला जातो. चूलबंद असलं की अख्खं घर जातं, लेकराबाळांसकट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, पेटवली तर यजमानाचा अपमान. तीर्थपुरीच्या बाजाराला जाणारं आमचं ते आडवळणाचं गाव. तिथं वर्षातून तीन-चारदा असं आवतन निघायचं. पाटलांच्या घरचं लग्न, सप्त्याचा काला, एखाद्या बड्या म्हाताऱ्याची तेरवी. जित्या म्हाताऱ्याला पेलाभर दूध द्यायला रडणारी घरं तेरवीला दोन क्विंटल बुंदी पाडायची आणि त्याला पुण्य म्हणायची.

मी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला रुजू झालो आणि बदलीसाठी कुणाचे पाय धरायची अक्कल नसल्यानं एकोणीस वर्षं तिथंच राहिलो. मार्थाबाई साळवे माझ्यानंतर काही महिन्यांनी उपकेंद्रावर नर्स म्हणून आल्या. जालन्याच्या. वय चाळिशीचं, हाडापेरानं दणकट. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. नाडी बघताना सोपं जातं म्हणायच्या. तोंडात कायम लवंग. आवाज भसाडा, आणि त्याच आवाजात त्या पहाटे प्रार्थनेची गाणी म्हणायच्या. सूर कुठंच लागायचा नाही. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, तुमच्या देवाला कान हायेत का न्हाई?" त्या म्हणाल्या, "त्यानंच दिलाय गळा. ऐकंल की मुकाट्यानं."

गावाला मार्था म्हणता येईना. सुई टोचणारी बाई म्हणून पोरांनी मारताबाई केलं आणि मोठ्यांनीही तेच उचललं. बाई प्रत्येकाला दुरुस्त करायच्या. "मारता न्हाई. मार्था. थ म्हणा." बोळक्या तोंडाच्या म्हातारीकडूनही थ म्हणवून घ्यायच्या आणि मगच गोळ्यांची पुडी हातावर ठेवायच्या. मला ते तेव्हा फार हट्टीपणाचं वाटायचं. मला स्वतःला सगळं गाव 'मास्तुरे' म्हणायचं आणि मी ओ द्यायचो.

त्यांच्या आज्यानं मिशनऱ्यांच्या काळात धर्म बदलला होता. देव बदलता येतो, पण जात बदलू द्यायला गाव बसलेलं नसतं. बाई कुठल्या, कुणाच्या, आज्याचं मूळ गाव कुठलं, हे सगळं पहिल्या आठ दिवसांत पारावर येऊन पडलं. ज्यांना स्वतःच्या पोराची इयत्ता सांगता येत नव्हती, त्यांना बाईंच्या तीन पिढ्या पाठ झाल्या.

बाई येऊन दोन महिने झाले असतील. अण्णा पाटलांच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. दवंडी फिरली, "सगळ्या गावाला चूलबंद आवतन हाय हो." बाईंनी ते शब्दाला शब्द धरलं. सकाळपासून स्टो पेटवला नाही. निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या, नवरीसाठी कागदात बांधलेलं चादरीचं पुडकं घेतलं आणि मांडवात येऊन बायकांच्या पंगतीच्या टोकाला बसल्या. त्यांच्या समोरची पुरुषांची ओळ, तिच्यात मी.

पत्रावळी पडल्या, भात पडला, वाढपी बाईंच्या अलीकडच्या बाईपर्यंत आला आणि थबकला. त्यानं मागं पाहिलं. पाटलांचा धाकटा भाऊ तात्या लगबगीनं पुढं आला. तात्या गोड बोलायचा. गावातली सगळी घाणेरडी कामं गोड बोलून करायची जबाबदारी त्याच्याकडं होती.

"बाई, तुम्ही कशाला तसदी घेतली? तुमचं पान घरी पाठवून देतो की."

"दवंडी गावाला होती ना?" बाईंनी विचारलं. "मी गावात येत न्हाई का?"

"येता वो, बिलकुल येता. पर आवतन चुलीला असतंय. तुमची चूल कुठंय? तुमच्याकडं तर स्टो हाय."

दोन-चार जण हसले. एवढं सुचलं म्हणून तात्याही खुशीत आला. बाई उठल्या. घाईनं नाही. दोन ओळींच्या मधून, उष्ट्याखरकट्याला पाय लागू न देता, सावकाश चालत गेल्या. वाटेत नवरीच्या आईपाशी पुडकं ठेवलं, "पोरीला द्या" म्हणाल्या, आणि मांडवाबाहेर पडल्या. माझ्यासमोरून गेल्या तेव्हा मी खाली मान घालून भात कालवत होतो. नंतर बुंदी आली, तीही खाल्ली. दुसऱ्यांदाही घेतली.

पाटलांनी खरंच गड्याच्या हाती पान पाठवलं. बाईंनी ते परत केलं. गडी बैठकीत येऊन सांगत होता, "बाई म्हंतेत, आवतन माणसाला असतं, डब्याला नसतं." बैठकीत त्यावर बराच वेळ चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला की बाई माजलेली आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर बाई पदर खोचून अंगणात चिखल तुडवत होत्या. ओढ्याची माती, घोड्याची लीद, भुसा. तीन दिवसांत त्यांनी चूल घातली. साधी नव्हे, बाजूला औल काढलेली, दोन भांड्यांची. आणि घातली कुठं, तर क्वार्टरच्या ओट्यापुढं, बरोबर गावाच्या रस्त्यावर तोंड करून. वाळल्यावर तात्याला हाक मारून दाखवली. "तात्या, चूल झाली. आता?"

तात्या म्हणाला, "बघू की."

ते बघणं सतरा-अठरा वर्षं चाललं. आवतन देणारा माणूस दर वेळी उपकेंद्राच्या अलीकडच्या घरी जायचा, मग पलीकडच्या घरी जायचा. मधली तीस पावलं तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचा.

पुढच्या चूलबंदला बाईंनी चूल पेटवली. त्या दिवशी गावात कोण उपाशी राहतं, हे त्यांनी हिंडून पाहून ठेवलं होतं. पाटलांच्याच गल्लीत गोदामाय नावाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. चार सुना, पण जेवणाच्या गडबडीत सगळ्या जणी मांडवात आणि म्हातारी संध्याकाळपर्यंत तशीच. सुवेरातली बाळंतीण असायची, तिच्या घरचेही बुंदीवर तुटून पडलेले. गावाबाहेर माळावर मेंढरं घेऊन उतरलेली कुटुंबं असायची, त्यांना गावात कोण धरतो? बाई सकाळी या सगळ्यांकडं जायच्या, दारात उभं राहून रीतसर म्हणायच्या, "आज माझ्याकडं चूलबंद आवतन हाय." चालता येणारे अंगणात येऊन जेवायचे, न येणाऱ्यांकडं बाई स्वतः घेऊन जायच्या आणि शेजारी बसून भरवायच्या. बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी वरण. मीठ जरा जास्त पडायचं म्हणे.

म्हणे, कारण मी कधी खाल्लं नाही. मलाही आवतन असायचं. एकही वेळ चुकली नाही. बाई शाळेच्या दारात यायच्या, "गुरुजी, दुपारी या." मी कधी पोट बिघडलंय म्हणायचो, कधी पाहुणे आलेत, कधी साहेब तपासणीला येणार आहेत. बाई "बरं" म्हणून जायच्या. मी त्या काळी स्वतःला पुरोगामी समजायचो. जातिभेदावर पोरांकडून निबंध लिहून घ्यायचो आणि चांगल्या निबंधाला वही बक्षीस द्यायचो. पण बाईंकडं भाकरी खाल्ली असं बैठकीत कळलं असतं, तर घरमालकानं खोली खाली करायला लावली असती, आणि घरी बायकोनं हंडा वेगळा काढला असता. एवढ्याशा गोष्टीला मी घाबरायचो. भित्र्या माणसाला तत्त्वं फार असतात.

एकदा उपकेंद्रात पोरांच्या लसी चालल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर मी बाईंना विचारलं, "त्या दिवशी पंगतीतून तुम्ही तशा चालत गेलात. राग आला न्हाई?"

"आला की. चांगला आला." लवंग एका गालातून दुसऱ्यात गेली. "आमच्या येशूला त्याच्याच गावानं हाकललं होतं, गुरुजी. नुसतं हाकललं न्हाई, कड्यावर नेलं, लोटून द्यायला. त्यानं काय केलं? शाप न्हाई दिला, हातबी न्हाई जोडले. त्या लोकांच्या मधून चालत निघून गेला. पळाला न्हाई. एवढं मला लहानपणी आईनं सांगितल्यालं, तेवढं मी धरून हाये."

मला टोमणा मारायची सवय. म्हणालो, "आन एका गालावर मारलं की दुसरा गाल पुढं करायचा, त्याचं काय?"

"गाल माझा हाय," बाई म्हणाल्या. "पुढं करायचा का न्हाई, ते मी ठरवीन. मारणाऱ्यानं न्हाई ठरवायचं."

दर रविवारी त्या पहिल्या एस.टी.नं जालन्याला उपासनेला जायच्या. मला वाटायचं, तिथं तरी या बाईला मान असेल. एकदा कामासाठी मीही त्याच गाडीत होतो, तेव्हा त्यांनी सहज सांगितलं. मूलबाळ होत नाही म्हणून नवऱ्यानं त्यांना सोडलं होतं आणि दुसरा संसार थाटला होता. नवरा मंडळीतला, म्हणजे त्यांच्या चर्चमधला, मोठा माणूस, वर्गणी मोठी. तो पुढच्या बाकावर बसायचा. बायकांच्या संघानं बाईंना मात्र कळवलं होतं, की तुम्ही बायबलच्या वाचनाला उभं राहू नका, नव्या सुनांवर परिणाम होतो. म्हणजे गावाला ही बाटलेली आणि मंडळीला टाकलेली. माणसं कुठल्याही देवाची असोत, शेण खायची वेळ आली की एकाच पाटीतलं खातात.

"मंग तुम्ही जाता कशाला तिथं?" मी चिडून विचारलं.

"मी काय त्यांच्याकडं जाते का?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ज्याच्याकडं जाते, त्यानं मला अजून नको म्हणलं न्हाई. बाकीच्यांचं 'नको' त्यांच्या दारापुरतं. मी कितीची हाये, ते त्यांच्या दारात ठरत नसतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "रडू येतं कधीमधी. आलं की रडून घेते आन भाकरी थापते."

पुढं पाटलांची धाकटी सून अडली. मूल आडवं, रस्त्यात चिखल, जीप फसलेली. बाईंनी रात्रभर खटपट करून बाळंतीण आणि पोरगा दोन्ही वाचवले. इथं वाचणाऱ्याला वाटेल, आता पाटलांचे डोळे उघडले. मलाही तशी गोष्ट सांगायला आवडली असती. पण त्या डोळ्यांवर झापड नव्हतीच, ते उघडेच होते आणि त्यांना सगळं नीट दिसत होतं. बारशाला बाईंना आवतन आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी त्यांना मागच्या दारी बोलावलं आणि लांबूनच साडी टाकली.

बाईंनी ती उचलली नाही. म्हणाल्या, "आक्का, द्यायची तर हातात द्या. न्हाई तर राहू द्या, मी काय रागाला येत न्हाई."

पाटलीणबाई गोंधळल्या. अखेर साडी उचलून बाईंच्या हातात दिली, बोटाला बोट लागलं. बाईंनी पोराचं आणि बाळंतिणीचं विचारलं, औषध कसं द्यायचं ते परत सांगितलं आणि निघाल्या. त्यांची पाठ वळताच पाटलीणबाई डोक्यावरून पाणी घ्यायला न्हाणीत गेल्या. ही बातमी बाईंना दुपारपर्यंत कळली. त्या म्हणाल्या, "घेऊ द्या बापडीला अंघोळ. उकाडाच हाय तसा." आणि त्या पोराला पुढचे सगळे डोस वेळेवर, स्वतः घरी जाऊन दिले. मागच्या दारानं नाही, पुढच्या.

बाई निवृत्त झाल्या तोवर अण्णा पाटील गेले होते आणि त्यांचा मुलगा सरपंच झाला होता. त्याच आठवड्यात जालन्याहून एक बडे साहेब गावाला भेट देणार होते. गावाच्या नावावर काहीतरी चांगलं दाखवायला पाहिजे होतं, तेव्हा बाईंचा सत्कार करायचं ठरलं. सत्कारासोबत गावजेवण, चूलबंद. दवंडी फिरली आणि आवतन देणारा माणूस पहिल्यांदा ती तीस पावलं चालून बाईंच्या ओट्यापाशी आला. बाई भांडी घासत होत्या. त्यांनी हात पुसले, त्याला बसायला पाट दिला आणि "येते" म्हणाल्या. चुलीवरचा तवा काढून भिंतीला लावला.

पण गाव ते गाव. तात्यानं तोड काढून ठेवली होती. बाईंचं ताट स्टेजवर, साहेबांच्या टेबलावर, खुर्चीवर बसून. म्हणजे मानही झाला आणि पंगतही वाचली. भाषणं झाली. सरपंच म्हणाले, "बाई म्हंजी आमच्या गावची आई." शाल, नारळ झालं. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी एक चारोळी रचून म्हटली, तिला टाळ्या पडल्या.

जेवणं सुरू झाली तशा बाई स्टेजवरून उतरल्या. तात्या आडवा गेला, "बाई, तुमचं ताट वर हाय."

"ते साहेबांना द्या," बाई म्हणाल्या. "मला चुलीचं आवतन हाय."

आणि त्या पंगतीत मधोमध एक पान रिकामं होतं, तिथं मांडी घालून बसल्या. मिनिटभर काही झालं नाही. मग डावीकडची बाई पदर सावरत उठली. उजवीकडच्या दोघी उठल्या. त्यांच्या पलीकडची एक अर्धवट उठली, साहेबांकडं बघून परत बसली, परत उठली. बाई सगळं बघत होत्या. मांडवाच्या कनातीबाहेर मेंढरंवाल्यांच्या बायका पोरं घेऊन उभ्या होत्या, पंगत उठल्यावर उरलंसुरलं मिळेल म्हणून. बाईंनी त्यांच्याकडं वळून हाक मारली, "या गं. पोरांनाबी आणा. चार पानं मोकळी झालीत."

त्या बिचकल्या. बाई म्हणाल्या, "या, गावाला आवतन हाय." साहेब वरून बघत होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, ते कौतुकानं मान डोलवत होते. सरपंचाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण साहेबांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. वाढपी बादली घेऊन आला आणि ओळीनं वाढत गेला. बाई शेजारच्या पोराचा भात कालवून देत जेवल्या, पोटभर जेवल्या, पापड मागून घेतला. मी स्टेजवर साहेबांशेजारी होतो. बाईंसाठी मांडलेलं ताट अखेर माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी त्या जालन्याला गेल्या. त्याच वर्षी माझीही बदली झाली.

चार-पाच वर्षांनी बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्यात दोन दिवस मुक्काम पडला. सकाळी भाजीच्या गाड्यापाशी मार्थाबाई दिसल्या. केस पांढरे, गुडघ्यात वाकलेल्या, घड्याळाची तबकडी अजून आतच. त्यांनी मला आधी ओळखलं. बायकोची चौकशी केली, कुठलं औषध दिलंय ते विचारलं, मग म्हणाल्या, "गुरुजी, दुपारी जेवायला या. हे मागंच राहते."

आता ना पाटील होता, ना बैठक. घरमालक नव्हता, बायको पट्टी बांधून झोपलेली होती. भ्यायला कुणी उरलंच नव्हतं. तरी जीभ सवयीनं हलली आणि मी म्हणालो, "आज एकादशी हाय, बाई."

"मंग फराळाचं करते," बाई म्हणाल्या. "चला."

त्यांची माडीवर एकच खोली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पिशवी घेतली. "भगर संपली वाटतं. कोपऱ्यावरनं आणते, पाच मिनटं बसा." आणि त्या भर उन्हात, कठडा धरत एकेक पायरी खाली उतरायला लागल्या. खोलीत मी एकटाच. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, मोठ्या अक्षरांत तिथी छापलेलं. तृतीया होती.

त्या दिवशी मला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी पाटलांची आणि तात्याची मिळून कधी आली नव्हती. मी उठून दारात गेलो. बाई रस्त्यावर पोचल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन गुडघा दाबत उभ्या होत्या.

"बाई," मी वरून म्हणालो, "आज एकादशी न्हाई."

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून हात आडवा धरला.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मंग भाकरी थापू का?"

"थापा," मी म्हणालो. "दोन खाईन."